अण्णांचे व्याही

माझा चष्मा परदेशी जायला निघाला होता, आणि तोही संग्रहालयाच्या खर्चाने. मी संग्रहालयात पाट्या लिहितो. काचेच्या कपाटातल्या वस्तूखाली जे कोणी वाचत नाही, ते सगळं साहित्य माझं. त्या दिवशी आमची एक चिनीमातीची सुरई समुद्रापलीकडच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी उसनी जायची होती. तिच्या नक्षीवर शेवटची नजर टाकावी म्हणून मी पेटीत वाकलो, अगदी जवळून दिसावं म्हणून चष्मा काढून फोमवर ठेवला, आणि समाधानाने सरळ झालो. झाकण बसलं, स्क्रू पिळले गेले, सील लागलं. जग धूसर दिसायला लागलं तेव्हा आधी वाटलं, वय झालं.

"अण्णा, एक छोटीशी अडचण झालीय," मी म्हणालो.

पेट्या बांधणाऱ्या अण्णांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. "डोकं तरी बाहेर काढलंत, हे काय कमी आहे?"

सील तोडायचं म्हणजे संचालकांना बोलवायला हवं. ते आले, माझ्याकडे बघून त्यांनी फक्त सुस्कारा सोडला आणि परवानगी दिली. अण्णांनी झाकण काढून भिंतीला उलटं टेकवलं. चष्मा नाकावर चढला आणि मला पहिल्यांदाच झाकणाची आतली बाजू दिसली. ती पेन्सिलीच्या चित्रांनी भरलेली होती.

दोन्ही संग्रहालयांचा जुना करार आहे. त्यांच्या वस्तू इकडे, आमच्या तिकडे. गेलेली वस्तू त्याच पेटीतून परत यायची, हा नियम. अण्णांना तिकडची भाषा येत नाही, तिकडच्या बांधणाऱ्याला इकडची. मग कुठला थर आधी काढायचा, कुठे दोघांनी मिळून उचलायचं, हे अण्णा झाकणाच्या आत चित्रं काढून सांगत. चित्रात एक टकलू माणूस असे. ते स्वतः अण्णा. पहिल्यांदा पेटी परत आली तेव्हा त्या टकलावर कोणीतरी तीन केस काढले होते. अण्णांनी पुढच्या पेटीत तिकडच्या माणसाला भलंमोठं पोट दिलं. तिकडून उत्तर आलं ते पोटावर पट्टा बांधून. अण्णांचा गुडघा धरला त्या वर्षी त्यांनी टकलूच्या हातात काठी दिली, तर परत आलेल्या झाकणावर पोटवाला कंबरेवर हात ठेवून वाकलेला.

"त्याचीही कंबर गेली बघा," हे सगळं सांगताना अण्णा मला म्हणाले. अशा खुशीत, की जणू कोणाला बढती मिळाली.

ते त्या माणसाला व्याही म्हणत. "आपली पोर त्यांच्या घरी जाते, ते जपतात, नीट बांधून माहेरी पाठवतात. व्याही नाहीत तर कोण?"

अण्णांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे ते राहत, आणि आक्कांना या सोयरिकीचा वीट आला होता.

"तोंड पाहिलंय का कधी त्या व्याह्याचं?" त्या विचारत.

"हात पाहिलाय."

"झाकणावर!"

यंदा करारात नवी भर पडली. एकमेकांचं काम शिकायला इकडचा माणूस तिकडे महिनाभर जाणार. इकडून अण्णांचं नाव गेलं, तिकडून मंजूर झालं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. त्यातल्या फोटोत ते एखाद्या गुन्ह्यात सापडल्यासारखे दिसत होते. आक्का म्हणाल्या, "त्यापेक्षा पेटीतच बसून जा. तिकिटाचे पैसे वाचतील आणि व्याही स्वतः उघडतील." पण नवा स्वेटर त्यांनीच विणायला घेतला होता.

सुरईच्या पेटीच्या झाकणावर अण्णांनी शेवटचं चित्र काढलं होतं ते या भेटीचंच. पेटीवर दोघे शेजारी बसलेत, हातात चहाचे कप. व्याह्यांच्या डोक्यावर भरघोस केस, कारण पाहुण्याने थोडं मोठेपण द्यावं. माझ्या चष्म्यापायी ते मला दिसलं, एवढंच.

प्रदर्शन संपलं आणि सुरई परत आली. तिच्यासोबत तिकडची एक तरुण मुलगी आली होती, वस्तू सुखरूप पोचवायला. तिची भाषा मला जेमतेम येते, म्हणून दुभाषा मीच. पेटी उघडताना अण्णांनी झाकण उलटं केलं ते आधी स्वतःकडे वळवून. चित्र तसंच होतं. शेजारी काही नव्हतं. फक्त कोपऱ्यात एक छापील कागद चिकटवलेला, पेटी कशी उघडायची ते दाखवणाऱ्या, नंबर घातलेल्या फोटोंचा.

अण्णांनी फोमच्या कडेवरून बोट फिरवलं. बांधणी चोख होती.

"हे कोणी बांधलं?"

मी विचारलं. "मी," मुलगी म्हणाली.

"आणि ते?"

हे मला विचारावंसं वाटेना. पण मुलीला विचारायची गरज पडली नाही. ती हळू आवाजात बोलत राहिली आणि मी अडखळत सांगत राहिलो. ते हिवाळ्यात गेले. बरेच दिवस दवाखान्यात होते. पेटी पोचली तेव्हा हिने झाकणाचा फोटो काढून त्यांना नेऊन दाखवला. ते खूप वेळ बघत होते. उत्तर काढायला पेन्सिल मागितली, पण हातात धरवेना. मग म्हणाले, त्याला सांग, मला एवढे केस कधीच नव्हते.

अण्णा हसले. चांगले मोठ्याने हसले, मग खाली वाकून सुरईभोवतीचा कागद काढायला लागले, आणि तो कागद काही केल्या संपेना. मुलीने मदतीला हात पुढे केला, तो मी मागे घ्यायला लावला.

सुरई कपाटात गेली. संचालक येऊन म्हणाले, "अण्णा, तुमचं जाणं रद्द झालेलं नाही हं. तिकीट आलंय." अण्णांनी रिकामी पेटी पुढे ओढून घेतली. संचालक माझ्याकडे बघून, समजवा, अशी खूण करून गेले. समजावण्याची कामं पाट्या लिहिणाऱ्याकडे का येतात, देव जाणे.

अण्णा रिकामी पेटी झाडत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"अण्णा, जाऊन या हो. निदान ते कुठे बसायचे ते बघाल. त्यांची खोली, त्यांचं टेबल."

अण्णांनी झाकण उचललं, पेटीवर बसवलं आणि त्यावर हलकी थाप मारली.

"टेबल आहे माझ्याकडे."