फक्कीचा ब्राझील

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, कोल्हापूर शहरातल्या एका मराठी शाळेत दहावीच्या अर्ध्या वर्गानं ब्राझील या देशाशी असलेले सर्व संबंध तोडले होते. व्यापार बंद, दळणवळण बंद, तोंडानं नावसुद्धा घ्यायचं नाही. ब्राझीलच्या सरकारला याची कल्पना नसावी. मला होती, कारण त्या वर्गाला भूगोल शिकवणारी बाई मीच.

बाहेरगावच्या वाचकांना थोडा खुलासा लागेल. आमच्याकडे दहावीचं भूगोलाचं पुस्तक म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत हीच जोडी, नवराबायकोसारखी. आणि आमच्या गावात पोरगं चालायला लागायच्या आधी फुटबॉलला लाथ मारतं. विश्वचषक आला की पेठा वाटून घेतल्या जातात. ही पेठ ब्राझीलची, पलीकडची अर्जेंटिनाची. गल्लीवर झेंड्यांची छपरं होतात आणि दुमजली घरापेक्षा उंच खेळाडू चौकात उभे राहतात. माझ्या वर्गात दोन्ही पेठांची पोरं होती, निम्मी निम्मी. शाळा आणि विश्वचषक एकाच महिन्यात सुरू झाले. कोण जिंकलं, कोण हरलं, हे मी इथं लिहिणार नाही. मला रोज याच गावात भाजी आणायला जायचं असतं.

पहिल्या दिवशी मी अगदी निरागसपणे पिवळी साडी नेसून गेले. काठ हिरवा. वर्गात पाऊल टाकलं आणि निम्म्या बाकांवरून शिट्ट्या, निम्म्या बाकांवरची तोंडं खिडकीकडे. हा ब्राझीलच्या जर्सीचा रंग, असं गणिताच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कुठं उजेड पडला. दुसऱ्या दिवशी समतोल साधावा म्हणून आभाळी रंगाची, पांढऱ्या बुट्ट्यांची नेसले. आता शिट्ट्या दुसऱ्या बाजूनं आणि पिवळ्या बाजूकडून एक आवाज, "बाईंनी पार्टी बदलली!" तिसऱ्या दिवशी वैतागून काळी नेसले. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "रेफ्री!"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण घटक चाचणीचे पेपर हातात आले आणि हसू मावळलं. शेवटच्या बाकावर एक उंच पोरगा बसायचा, बहिष्काराचा पुढारी. त्यानं लिहिलं होतं, "सदर देशात ॲमेझॉन नदी वाहते. सदर देशाचा किनारा लांब आहे." एके ठिकाणी तर, "अर्जेंटिनाच्या वरच्या अंगाचा देश." त्याचं बघून आणखी अठरा जणांनी तेच केलं होतं. मी प्रत्येकाचा अर्धा गुण कापला.

"बाई, उत्तर बराबर हाय की," तो उभा राहून म्हणाला.

"देशाचं नाव कुठाय?"

"तेवढं सोडून सगळं हाय."

मी समजावलं, रागावले, पालकांना बोलावलं. त्याचे वडील आले, पेपर वाचला आणि पोराच्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नेसरीला भाचीचं लग्न होतं. मी चार दिवस रजा टाकली. माझ्या रिकाम्या तासांवर कुणाला पाठवायचं हे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ठरवतात. त्यांनी पीटीच्या सरांना पाठवलं. पीटीचे सर तिशीतले, एकेकाळचे गोलकीपर. बोलणं इतकं हळू की शिट्टी नसती तर मैदानावर त्यांना कुणी ओळखलंच नसतं. मी निश्चिंत होते. सर काय करणार, पोरांना पळवणार.

परत आल्यावर पहिल्या तासाला मी सहज विचारलं, "अजस्र कडा कुठं आहे?" हा माझा हुकमी प्रश्न. यावर वर्ग नेहमी गप्प बसतो, मग मी फळ्याकडे वळते, तसंच वारं अडवणाऱ्या आपल्या सह्याद्रीची आणि गगनबावड्याच्या पावसाची गोष्ट रंगवून सांगते, आणि सगळे आ वासून ऐकतात. निदान आजवर तरी ऐकत आले होते.

शेवटच्या बाकावरचा पुढारी उठला. "ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला, बाई. समुद्राचं वारं त्याला धडकतं, पाऊस अलीकडंच पडतो. पलीकडं ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण. ब्राझीलची माणसं म्हणून तर किनाऱ्याला गर्दी करून ऱ्हायल्यात."

एका दमात तीनदा ब्राझील. माझ्या हातातला खडू मोडला.

"हे कुणी सांगितलं?"

"सरांनी. मैदानावर."

मैदानावर! मग एकेकाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सरांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर अख्खा ब्राझील काढला होता. फ्री किकला बचावाची भिंत उभी करतात तशी पोरं उभी करून अजस्र कडा केला होता. चेंडू म्हणजे वारं, भिंतीला आपटला की पाऊस तिथंच. मागं उभी राहिलेली पोरं कोरडीठाक. आणि बहिष्काराचं काय केलं? एक वाक्य. "ज्या टीमला हरवायचं, तिचं मैदान आधी पाठ पाहिजे." झालं. अर्जेंटिनाच्या पेठेनं चार दिवसांत ब्राझील पाठ केला, वैऱ्याचा किल्ला पाठ करावा तसा.

माझी अवस्था काय झाली ते लपवत नाही. अंगाचा तिळपापड हा वाक्प्रचार मराठीच्या तासाला पोरांना वाक्यात उपयोग करायला देतात. त्या दिवशी मी स्वतः त्याचा वाक्यात उपयोग होते. मधल्या सुट्टीत मी मैदानावर जाऊन तो ब्राझील पाहून आले. अर्धा पुसला होता, तरी दिसत होता. आकार बोकडाच्या फऱ्यासारखा! उत्तर दिशा मुतारीकडे! राजधानीच्या जागी चपलेचा ठसा! मला इतका आनंद झाला की मी तिथंच थोडी हसले. मग लक्षात आलं, तो ठसा बरोबर राजधानीच्या जागी होता. पोरांनी उभं राहून राहून केलेला.

शिक्षक खोलीत गणिताच्या बाईंनी डबा उघडता उघडता मीठ चोळलं. "काय हो, चार दिवस गाव सोडलं आन् तुमचा ब्राझील पळवला की सरांनी!"

"पळवू देत. परत आणून देतील," मी म्हणाले आणि भाकरी अशी तोडली की गणिताच्या बाई डबा घेऊन लांब सरकल्या.

सगळ्यात वाईट भाग असा की माणूस चांगला होता. वाईट माणसावर जळायला सोपं जातं, घटकाभर शिव्या दिल्या की मोकळं. हा माझ्यासाठी चहाचा कप झाकून ठेवायचा. "बाई, मला त्या पुस्तकातलं पारिभाषिक काही जमत न्हाय, तुम्ही सांगा," म्हणून वही घेऊन बसायचा. मी सांगायचे. मनात म्हणायचे, बाबा रे, एकदा तरी उद्धट वाग. माझी सोय होईल.

घरी नवऱ्याला म्हटलं, "मला फुटबॉल शिकवा." त्यांनी आयुष्यात फक्त कुस्ती पाहिलेली. आम्ही दोघांनी मोबाईलवर चार सामने पाहिले. ऑफसाइड काय असतं ते मला आजही कळलेलं नाही, पण ते मी वर्गात वापरलं. दक्षिण अमेरिकेतले वारे ऑफसाइड असतात असं काहीतरी बोलून गेले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. घरातला म्हातारा चुकून दोनदा औषध घेतो तेव्हा त्याच्याकडे तसं पाहतात.

आणि त्यात आला आदर्श पाठ. हिवाळ्यात आसपासच्या शाळांचे सामाजिक शास्त्रांचे शिक्षक आमच्या शाळेत जमतात, एक नमुन्याचा पाठ पाहतात, वर शिक्षण खात्याचे एक साहेब येतात. तो पाठ माझा. इतकी वर्षं माझा. नवऱ्याच्या नावावर घर आहे, सासऱ्यांच्या नावावर जमीन आहे, माझ्या नावावर वर्षातला तेवढा पाऊण तास आहे. मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि पेपरवेट फिरवत म्हणाल्या, "यंदा जरा वेगळं करूया का? पोरं म्हणतात, सरांनी घ्यावा."

"पोरं म्हणतात?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सरांची पदवी शारीरिक शिक्षणाची. भूगोलाचा पाठ, साहेब विचारतील, शाळेचं नाव..." मी नियमांची अशी काही माळ लावली की मोठ्या बाईंनी पेपरवेट खाली ठेवला.

दारातच सर उभे होते. सगळं ऐकलं असणार. म्हणाले, "बाईच घेणार की. माझं काय काम तिथं?"

मी जिंकले. आता पाठ कसा घ्यायचा? सरावाला भिंतीवरचा मोठा नकाशा टांगला, काठी घेतली, गगनबावड्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं जांभई दिली, ती सर्दीसारखी पसरत गेली. शेवटच्या बाकावरून पुढारी म्हणाला, "बाई, भायेर जायचं न्हाय व्हय?"

त्या संध्याकाळी शिक्षक खोलीत मी मोठ्या बाईंना सांगितलं, "पाठ मैदानावर घ्यावा म्हणते. जमिनीवर नकाशा काढून. पोरं उभी करून." जसं काही ते आत्ताच माझ्या डोक्यात उगवलं होतं. सर कोपऱ्यात चेंडूत हवा भरत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. एवढंच म्हणाले, "फक्की मी मारून देतो, बाई. सकाळी सातला येतो."

सातला आले. ॲटलास घेऊन आले. या वेळी ब्राझील अगदी ब्राझीलसारखा निघाला, उत्तरसुद्धा उत्तरेकडे. मी शेजारी उभी राहून सूचना देत होते. एकाही सूचनेची गरज नव्हती.

दहा वाजता तीसेक शिक्षक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. साहेब मधे. मी माइक हातात घेतला, तो एकदा खरखरला आणि मेला. मैदान केवढं, वारं केवढं. मी पदर खोचला आणि सुरू झाले. "किनारा! किनाऱ्यावरची लोकसंख्या, धावा!" पोरं आरोळी ठोकून धावली, त्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांच्या पायांवर उभी राहिली, दोन चार समुद्रात पडली. "ॲमेझॉनचं खोरं!" पुढारी एकटाच तिकडं चालत गेला आणि एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत हात कमरेवर ठेवून उभा राहिला. "का रे एकटा?" "जंगल हाय, बाई! दलदल हाय! कोण ऱ्हातंय हितं?" खुर्च्यांवरून हशा. भिंत उभी राहिली, चेंडू आपटला, मागच्या पोरांनी जिभा बाहेर काढून दुष्काळ करून दाखवला. एक शिक्षिका इचलकरंजीहून आल्या होत्या, त्या खुर्ची सोडून थेट नकाशातल्या उच्चभूमीवर येऊन उभ्या राहिल्या. मी ओरडत होते, धावत होते, घामानं निथळत होते, आणि खरं सांगते, इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन. मधेच नजर कडेला गेली. सर जमिनीवर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत फक्कीनं पांढरी. सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या तेच वाजवत होते. त्या टाळ्या मला काट्यासारख्या टोचल्या.

पाठ संपला. साहेब उठून थेट ब्राझीलमध्ये आले, रेषा चुकवत, जपून. "बाई, अप्रतिम. ही कल्पना कुणाची?"

मोठ्या बाई हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहत होत्या. सर खाली मान घालून बुटाची लेस बांधू लागले, बांधलेली लेस. मी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार होतं, ते मलाही माहीत नव्हतं आणि आज विचारलंत तरी सांगता येणार नाही. "कल्पना म्हणजे..." मी एवढंच म्हणाले, आणि ॲमेझॉनच्या जंगलातून पुढाऱ्याचा आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा:

"सायेब, डोस्कं सरांचं हाय, पण येवढं बोंबलायला आमच्या बाईच लागत्यात!"