थंडी डोक्यात असते

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक पुणेकर इंजिनीअर राहायचा. भर बर्फातही रोज व्यायामाच्या दोन काठ्या टेकत तळ्याभोवती फेरी मारायचा आणि मारल्याचं अख्ख्या गावाला सांगायचा. मी बसस्टॉपवर कुडकुडताना दिसलो की थांबणारच. "अरे, थंडी डोक्यात असते! माणसाने हलतं राहावं." मी तोंड उघडायच्या आत "गेनाऊ!" म्हणून स्वतःच स्वतःला दुजोरा द्यायचा.

तिथे दारापुढचा बर्फ भाडेकरूंनी आळीपाळीने काढायचा असतो. याचा नंबर लागला की नेमकी याची पाठ धरायची.

एका जानेवारीत सकाळी बघतो तर साताऱ्याहून आलेले त्याचे सासरे कानटोपी आणि जावयाचे जुने बूट घालून फावड्याने बर्फ ओढतायत. तेवढ्यात स्वारी काठ्या घेऊन बाहेर आली.

"बाबांना तेवढाच व्यायाम," मला म्हणाला आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून टकटक करत निघालासुद्धा.

सासरे कमरेवर हात ठेवून कसेबसे सरळ झाले आणि काळजीने ओरडले, "जावईबापू, जपून हो! पुढचा काढायचा राहिलाय अजून."