बारा आठवड्यांच्या आत

आमच्या पहूरकडे कुणाला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी मला कळतं, असा माझा तोरा होता. मी आशाताई. गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आत नोंद करायची, हे आमचं मोठं काम. माझी एकही नोंद उशिरा नसे. मीटिंगमध्ये कौतुक व्हायचं आणि मी फुगायचे.

ती माझ्याच गल्लीतली, मला अक्का म्हणणारी. दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी. कापूस वेचताना तिला उमासे येताना दिसले आणि त्याच संध्याकाळी मी तपासायची पट्टी घेऊन तिच्या दारात हजर. ती धड सावरायच्या आत नोंद करूनही टाकली.

चार दिवसांनी ती मागच्या दाराने आली.

"अक्का, मले हे नको. माह्या अंगात जीव नाही राह्यला. कोणाले सांगू नको, पन मले मोकळी कर."

कायद्याने तिला हक्क होता. आम्हाला तसं शिकवलंही होतं. तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं. नोंद झालेली, वर दोन मुली. सातव्या आठवड्यात मुलगा की मुलगी ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही, पण मुलगी म्हणून पाडला अशी चौकशी लागेल या धास्तीने त्यांनी हात झटकले. "जळगावला जा," म्हणाले.

मी न्यायला हवं होतं. नेलं नाही. नोंदलेलं पोट मध्येच नाहीसं झालं की जाब मला विचारतात. वर तिलाच म्हटलं, "होऊ दे ना आता. या वेळी मुलगा होईल." लिहिताना स्वतःची किळस येते. ती पदर सारखा करून निघून गेली.

तिसऱ्या महिन्यात तिने कुणाकडून तरी गोळ्या आणवल्या. किती घ्यायच्या, कधी घ्यायच्या, हे मला विचारायला ती आली नाही. का येईल? दोन दिवस रक्त जात होतं आणि ती भाकरी थापत होती. गाडी बोलावली तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. जळगावच्या दवाखान्यात ती वारली.

महिन्याभराने चौकशीला आरोग्य खात्याच्या मॅडम आल्या. बाळंतपणाच्या किंवा गर्भपाताच्या पायी बाई गेली की घरी येऊन फॉर्म भरतात. तिची सासू भिंतीला टेकून बसली होती, धाकटी पोर माझ्या मांडीवर.

मॅडमनी मला विचारलं, "हे मूल नको, असं ती कुणाजवळ बोलली होती का?"

मी म्हटलं, "नाही."