कागदात नसलेलं वाक्य

मी तिसरी पास आहे. चौथीचं पुस्तक आणलं होतं, पण ते उघडायची वेळ आली नाही. त्या तिसरीच्या जोरावर मी गावचं वाचन चाळीस वर्षं केलं. लग्नपत्रिका, विजेचं बिल, तहसीलची नोटीस, परगावी गेलेल्या पोरांची पत्रं. लोक कागद घेऊन माझ्या ओट्यावर यायचे आणि मी वाचेपर्यंत चूळबूळ न करता बसायचे. आता मोबाइल आले. आता कोणी येत नाही, त्याचं मला थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

वाचता वाचता मला एक खोड लागली. पुण्याला कामाला गेलेल्या एखाद्या पोरानं दीड ओळ खरडलेली असायची: मी बरा आहे, गोधडी पाठवून द्या. त्याची माय समोर पदर दातात धरून बसलेली. मी वाचायचो, "आई, मी बरा आहे. जेवताना तुझी याद येते. गोधडी पाठवून दे." मधलं वाक्य माझं. माय डोळे पुसत खुशीत घरी जायची. यात कोणाचं काय बिघडलं? कागद फार कोरडा असला की मी तो तसा वाचत नव्हतो.

ही खोड पुढं आक्काला नडली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमची मेंढरं होती. एका पोरानं शाळेत जायचं आणि एकानं मेंढरामागं, असं बापानं ठरवलं. माझ्या वाटणीची मेंढरं आक्कानं राखली म्हणून मला तिसरी मिळाली. ती मला शाळेच्या दारात सोडायची आणि कळप घेऊन पुढं जायची. सांजच्याला विचारायची, "आज काय शिकलास ते सांग." मी सांगायचो, जरा वाढवून.

बाप गेला तेव्हा आक्का वडीगोद्रीकडं नांदत होती, तिची पोरं मोठी झाली होती. बापाचं चार एकर रान, वारस आम्ही दोघं. अंबडला कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली दस्त लिहून देणारा एक जण बसायचा. त्यानं हक्कसोडपत्र लिहिलं. बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला कायमचा सोडून द्यायचा, असा तो कागद. आमच्याकडं ती रीतच होती. बहिणीला साडीचोळी करायची, गोड जेवण घालायचं आणि अंगठा घ्यायचा. वाटा मागेल ती बहीण वाईट.

आक्कानं अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि तसाच वर धरला.

"थांबा. काय लिहिलंय ते वाचा."

लिहिणारा म्हणाला, "मी वाचून दाखवतो, बाई."

"तुम्ही नगं. माझा भाऊ शिकलेला हाये."

कागद माझ्या हातात आला. अक्षर तिरपं, ओळीला ओळ चिकटलेली. सदरहू मिळकत, हितसंबंध, तहहयात, असले शब्द. एकच वाक्य पान संपलं तरी संपत नव्हतं, बैलाला श्वास घ्यायलाही त्यात जागा नव्हती. मला निम्मं लागलं नाही. झाडाखाली चार माणसं उभी होती, मला येत नाही असं म्हणणं माझ्यानं झालं नाही. पण "कायमचा सोडून देत आहे" एवढं मला बराबर वाचता आलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. मी कागदावर नजर ठेवून वाचलं, "मी माझा वाटा भावाकडे ठेवायला दिला आहे."

"हां," आक्का म्हणाली. "ठेवायलाच देते. तुझ्याकडं काय अन् माझ्याकडं काय."

आणि तिनं अंगठा उठवला. लिहिणाऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग तो दौतीचं झाकण लावायला लागला.

दोनेक वर्षांनी तिच्या मालकानं तलाठ्याकडं चौकशी केली. तिचं नाव कुठंच नव्हतं. आक्का आली ती अंगणातच उभी राहिली, चहा घेतला नाही.

"मास्तर, तू वाचलंस तसं त्यात न्हाई म्हणत्यात."

मी म्हटलं, "कायद्याची भाषा असती आक्का, तुला न्हाई कळायची."

पहिलं खोटं मी दडपणात बोललो असेन. हे दुसरं मी घरच्या ओट्यावर बसून, सुपारी कातरत बोललो. त्यावर ती भांडली नाही. दर भाऊबीजेला आली, ओवाळलं, जेवली, दिवस बुडायच्या आत परत गेली. बापाच्या रानात मात्र तिनं पाय ठेवला नाही. मला तेव्हापासून मास्तर म्हणते.

गेल्या साली थोरल्या पोराला अंकुशनगरच्या कारखान्याकडं उसाची नोंद करायची होती, म्हणून मी कागदाची पेटी उघडली. हक्कसोडपत्र हाताला लागलं. एवढ्या वर्षांत हॉटेलातला पेपर रोज वाचून माझं वाचन सुधारलं आहे. बाजेवर बसून पूर्ण कागद वाचला, मागंपुढं केला. माझं वाक्य त्यात कुठंच नव्हतं. ते नसणारच, हे मला माहीत होतं. तरी मी शोधलं.

आक्का अठ्ठ्याहत्तरची. गुडघे गेलेले, साखर वाढलेली. मीही काही तरणा नाही. दोघांतलं एक जण असंच गेलं तर तो कागदच खरा राहणार होता. मी पोरांना सांगितलं, आत्याचे दोन एकर आत्याला द्यायचे. त्यांनी तोंडं वाकडी केली. रान अजून कोणाच्या नावावर आहे ते मी त्यांना सातबाऱ्यावरून वाचून दाखवलं. या वेळी बराबर वाचलं.

अंबडला एक वकीलबाई आहेत. आठवड्यातून दोन दिवस जालन्याला कायद्याच्या पोरांना शिकवतात. त्यांच्याकडं जाऊन मी म्हटलं, मृत्युपत्र करायचं, माझ्यामागं दोन एकर बहिणीला. आणि आक्काला फोन लावला.

"मी तुझ्यापेक्षा मोठी, आधी मी जाणार," ती म्हणाली. "का तुझ्या मरणाकडं डोळे लावून बसू?"

मग बाईंनी बक्षीसपत्र सुचवलं. जित्तेपणी देता येतं, नाव लगेच लागतं. मी पुन्हा फोन लावला.

"बक्षीस?" आक्काचा आवाज चढला. "माझंच मला बक्षीस? मी काय कुस्ती मारली व्हय?"

बाई म्हणाल्या, "काका, घेणाऱ्यानं घेतलं तरच ते बक्षीसपत्र. त्या घेणार नसतील तर तुमचा कागद रिकामा."

"मंग दुसरं नाव द्या त्याला. परतपत्र म्हणा."

"कॉम्प्युटरमध्ये दस्ताचा प्रकार निवडावा लागतो. त्यात परतपत्र नाही."

शेवटी आक्का आली. "नुसतं ऐकायला आले," असं तिनं दारातच सांगितलं. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कागदात काय लिहिलेलं पाहिजे?"

"वर काय बी नाव टाका. खाली जे झालं ते लिहा."

बाईंनी समोरचा छापील नमुना बाजूला सारला. म्हणाल्या, "मी माझ्या पोरांना हेच शिकवते. आधी गोष्ट विचारा, मग लिहा. कोणी दिलं, कोणाला दिलं, आणि का दिलं. पोरं 'सदरहू'नं सुरुवात करतात, मी खोडते. ज्याचा कागद आहे त्याला तो घरी जाऊन तोंडी सांगता आला पाहिजे. काका, सांगा तुम्ही."

मी सुरू केलं. त्या काळात रीत कशी होती, बापाच्या दिवसांचा कार्यक्रम कसा घाईत उरकला, लिहिणाऱ्याचं अक्षर किती खराब.

"मास्तर," आक्का म्हणाली, "आडरानात नगं शिरू. वाटेनं चाल."

मग मी वाटेनं चाललो. बाईंनी लिहून घेतलं आणि छापून आणलं. लहान लहान वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. त्यातल्या एका वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं: तो कागद मी बहिणीला खोटा वाचून दाखवला.

"हे वाक्य कायद्याला लागत नाही, काका. काढलं तरी दस्त पक्का होतो. उलट तुमच्याच विरुद्ध जाणारं आहे. ठरवा तुम्ही."

माझ्या डोळ्यासमोर गाव आलं. हा कागद नोंदणीला जाणार, कोणीही नक्कल काढणार. ज्यानं चाळीस वर्षं गावाला वाचून दाखवलं त्याच्या सहीखाली हे.

"कायद्याला लागत न्हाई तर कशाला ठेवता?" मी म्हटलं.

आक्कानं पिशवी उचलली. "मंग मलाबी रान लागत न्हाई," म्हणाली आणि उठली. गुडघ्यांमुळं तिला दारापर्यंत जायला वेळ लागला. एक पाऊल, मग खुर्चीचा आधार, मग एक पाऊल, मग भिंत. चौकटीला हात लावून ती दम खायला थांबली. तिचं ते चालणं माझ्यानं बघवेना.

"राहू द्या," मी म्हटलं.

वकीलबाईंनी पेन उचललं आणि तसंच धरलं. "काका, 'राहू द्या' म्हणजे ठेवायचं का सोडायचं? आपण दोन्हीला तेच म्हणतो. कागदात असं चालत नाही."

आक्काही वळून बघत होती. मला ते सरळ शब्दात बोलावं लागलं.

"ठेवा. ते वाक्य ठेवा."

आक्का आली तशीच भिंत धरून परत आली, माझ्या बाजूला बसली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "आता वाच."

मी चष्मा पुसून वाचायला लागलो, शब्दाखाली बोट धरून. बाप वारला. वारस आम्ही दोघे. बहिणीला जमिनीत निम्मा वाटा होता. बहिणीने कागदावर अंगठा दिला. तिचा वाटा मी आज तिला परत देत आहे.

"मधली एक ओळ सुटली," आक्का म्हणाली.

मी मान वर केली. ती माझ्या खांद्यावरून वाकून कागदाकडं बघत होती. शपथ घेऊन सांगतो, मी मुद्दाम गाळली नव्हती. जिभेनंच उडी मारली.

"तुला वाचता येतं?"

"येतं की. नातीच्या पाटीवर शिकले."

"कवा?"

"तुझा तो कागद झाल्यावर. म्हणलं, माझं वाचणारं आता माझ्याच घरात पाहिजे."

इतक्या भाऊबीजांना आली आणि कधी बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं. मी बोट मागं घेतलं आणि ती ओळ वाचली. पहिल्यांदा हळू वाचली, मग आक्काला नीट ऐकू जाईल अशी दुसऱ्यांदा वाचली. आक्कानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली.

बाईंनी विचारलं, गाव-नाव न घेता ही हकिकत वर्गात सांगू का. मी म्हटलं, "सांगा. पण मला तिसरी पास म्हणा. अडाणी म्हणू नका."

नोंदणीच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी नंबर लागला. आक्कानं अंगठ्याच्या जागी सही केली, मोठी मोठी अक्षरं, खान्याच्या बाहेर गेलेली. फोटो काढताना पदर सारखा केला. साहेबांनी सवयीनं विचारलं, "आजी, कागदात काय लिहिलंय ते माहीत आहे ना?"

बाकीचे लोक हो म्हणून सरकत होते. आक्का टेबलाला टेकून उभी राहिली आणि सांगायला लागली.

"बाप गेला तवा आम्ही दोघं वारस व्हतो. माझा वाटा मी याच्याकडं ठेवायला म्हणून अंगठा दिला. त्यात लिहिलं व्हतं येगळं, यानं वाचलं येगळं. ते यानं आता सही करून सांगितलं. माझे दोन एकर हा देऊन राह्यला अन् मी घेऊन राह्यले. मला कबूल हाये."

रांगेतला एक माणूस म्हणाला, "आजी, वकिलीच करायची होती."

"मेंढरं कोणी राखली असती मंग?" आक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला रिक्षात बसवलं. ती वडीगोद्रीची बस धरेल असं मला वाटत होतं. तिनं रिक्षावाल्याला आमच्या गावचं नाव सांगितलं.

"आज लई दमली असशील," मी म्हटलं. "रान काय कुठं पळून राह्यलंय?"

"गप बस. त्या दोन एकरात काय लावलंय यंदा?"

"कपाशी."

"कपाशी?" ती माझ्याकडं पूर्ण वळली. "माझ्या रानात कपाशी लावलीस, अन् मला विचारलं व्हतं का?"

मी म्हटलं, तेव्हा ते माझ्या नावावर होतं.

"ते मला नगं सांगू. दोन वेचण्या झाल्या की उपट. पुढल्या साली मला तूर पाहिजे, अन् बांधाच्या कडंनं चार ओळी तिळाच्या. अन् तुझ्या पोरांना सांग, ऊस माझ्या बांधापासून चार हात लांब ठेवा, सावली पडती."

"सांगतो."

"सांगतो नगं. लिहून घे. तिसरी पास हाईस ना?"

मी खिसे चाचपले. कागद नव्हता, पेन होतं. कचेरीच्या पावतीच्या पाठीमागं मी लिहायला लागलो, आणि रिक्षा हलत होती म्हणून अक्षर तिरपं आलं. आक्का वाकून बघत होती. म्हणाली, "नीट काढ. मला वाचायचंय."