बोल लावायचा कुणाला

तिचा हात इतका हलका होता, की खुर्चीत बसलेली बाई कात्रीच्या आवाजावर पेंगायला लागायची. बाजाराच्या गल्लीत, जिना चढून गेलं की बायकांचे केस कापायचं दुकान होतं. मालकीण दुसरीच, पण बायका विचारत यायच्या त्या हिलाच. लग्न झालं तरी तिने काम सोडलं नाही, दिवस गेले तरी सोडलं नाही. केसांना रंग लावताना नाकातोंडावर फडकं बांधायची, एवढंच.

मुलगी झाली. घरात सगळे तिला चिमी म्हणत. चिमी वेळेवर बसली, वेळेवर चालली. पण हाक मारली तर मान वळवायची नाही. बाटलीचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत तासन्‌तास बसायची. चार शब्द आले होते, तेही हळूहळू गेले. मिक्सर लावला की कानांवर हात दाबून किंचाळायची. केसांना तर बोटही लावू द्यायची नाही. बाहेर बायका जिच्या हाताखाली डोळे मिटत, तिला पोटच्या पोरीचे केस मात्र पोर दुपारी झोपली की चोरासारखे, एकेक बट धरून कापावे लागत.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. "बटण दाबलंय, लिफ्ट यायला वेळ लागतोय, एवढंच," असं तो सुरुवातीला हसत म्हणायचा. पुढे त्याचं हसणं आटलं आणि तो जादा पाळ्या घेऊ लागला.

सासूबाईंनी निकाल केव्हाच देऊन टाकला होता. पोटात पोर असताना ही त्या रंगांच्या वासात उभी राहिली, दुसरं काय व्हायचं! आल्यागेल्यासमोर हेच. ती उलटून बोलायची नाही, कारण आतून तिलाही तेच वाटत होतं. एके दिवशी तिने काम सोडलं. डॉक्टरांचं नाव काढलं की सासूबाई म्हणत, घरातलं चव्हाट्यावर नेऊ नकोस. तीही फार नेट लावायची नाही. डॉक्टरसुद्धा तुझ्यामुळेच म्हणाले तर, ही धास्ती.

अशी वर्षं गेली. शाळेने चिमीला ठेवून घ्यायला नकार दिला, तेव्हा कुठे घरातली सगळी जणं लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या.

डॉक्टरीणबाई खाली फरशीवर बसून बराच वेळ चिमीशी खेळत राहिल्या. मग खुर्चीवर येऊन त्यांनी नाव सांगितलं: स्वमग्नता, ऑटिझम. मेंदूची घडणच वेगळी होते, आणि ती बहुतेक जन्माआधीच. पुष्कळसं रक्तातून येतं, पण एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

"रंगाच्या वासाने?" तिने विचारलं.

"तसं म्हणायला काही आधार नाही. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही."

हे मुळासकट घालवणारं औषध नाही, असंही त्यांनी सांगितलं. पण बोलण्याचे, हातांनी कामं करण्याचे धडे देता येतात, चित्रं काढलेले पत्ते देऊन हवं ते मागायला शिकवता येतं. आधी आणली असती तर सोपं गेलं असतं, पण अजूनही बरंच होण्यासारखं आहे. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, की घराण्यात आणखी कुणी असं होतं का? नवरा नाही म्हणाला. सासूबाई पिशवीची चेन उघडझाप करत होत्या. त्याही नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत असताना सासूबाई समोर येऊन बसल्या.

"माझा धाकटा भाऊ होता," त्या म्हणाल्या.

तो कधी बोललाच नाही. मागच्या खोलीत बसून डुलत राहायचा. पाहुणे आले की बाहेरून कडी. एका तापात गेला, आणि सासूबाईंचं लग्न ठरवताना त्याचं नावही कुणी काढलं नाही. चिमीने हाकेला मान वळवली नाही, तेव्हाच त्या मनात चरकल्या होत्या. आपल्याकडून आलं म्हणतील, या धास्तीने त्यांनी ते सुनेच्या माथी मारलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

तिने भाजी बाजूला सारली. ओरडावं असं वाटलं. पण तिने विचारलं, "त्याला काय आवडायचं?"

सासूबाई आठवत राहिल्या. "कुणी बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून रडल्या.

चिमी आता अशा मुलांच्या शाळेत जाते. तहान लागली की पाण्याचं चित्र हातात आणून देते. कधीमधी "दे" म्हणते. "आई" अजून म्हणत नाही. दुपारी सासूबाई चित्रांचे पत्ते मांडून तिच्यापुढे बसतात, चुकतात, पुन्हा मांडतात. सून ते बघते, पण कामापुरतंच बोलते.

"आईला माफ केलंस का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"अजून तिथवर पोचलेच नाही," ती म्हणाली, आणि चिमीला आंघोळीला घेऊन गेली.