खालच्या मजल्यावरचा सीजीपीए

शेंगाचटणीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्या सृष्टीला सीजीपीए देणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. सात रस्ता चौकाजवळ या काकांचं चष्म्याचं दुकान आहे. मुलगी स्वाती इंजिनिअरिंगला जाईपर्यंत त्यांना टक्के सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या सेमिस्टरचा निकाल मोबाइलवर आला, ‘आठ पॉइंट दोन’. काकांनी दुकानातले तीन चष्मे बदलून पाहिले, तरी आठच. “शंभरात आठ! आमच्या घराण्यात नापास लई झाले, पण इतकं मन लावून कुणी न्हाय,” असं म्हणत ते माझ्याकडे आले. हा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी आहे, पोरगी हुशार निघाली, असं सांगितल्यावर त्यांनी मला पेढा भरवला, आणि त्याच दिवशी त्यांच्या अंगात जो सीजीपीए शिरला तो आजतागायत.

क्रेडिट ही कल्पना तर त्यांना फारच भावली. मोठ्या विषयाला जास्त क्रेडिट, म्हणून सरासरी काढताना त्याचं वजन जास्त, हे ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता समजावतात. घरी भाकरीला चार क्रेडिट, चटणीला एक. “चटणी बिघडली तर चालतंय, भाकरी करपली की अख्खं जेवण खाली येतंय बघा,” हे काकूंच्या देखत! एका लग्नात जिलबीला नऊ आणि भाताला चार देऊन त्यांनी एकूण निकाल थेट मुलीच्या वडिलांना ऐकवला. त्या बिचाऱ्यांनी हात जोडून आणखी जिलबी वाढली. माझं शेजारपण सातवर अडकलं आहे. काकू एकदा कडाडल्या, “आन् नवरेपणात तुमाला किती, ते विचारा की मला!” काका गडबडले. “ती परीक्षा अजून चालू हाय,” म्हणाले.

तिसऱ्या सेमिस्टरला काकूंचं ऑपरेशन झालं. स्वाती घर आणि दवाखाना करत राहिली आणि निकाल चारवर आला. ती रडायला लागली तेव्हा काका तिच्या शेजारी बसून म्हणाले, “ही सरासरी एक वाईट सेमिस्टर पोटात घालती बघ. विसरत मात्र न्हाय. हळूहळू वर काढायची.” पुढे पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली, पण अट अशी की शेवटी सगळ्या सेमिस्टर मिळून साडेसात हवेत. शेवटच्या निकालाला काकांनी दुकान उघडलंच नाही. सात पॉइंट पाच दोन! पुन्हा घरातले तीन चष्मे बदलून झाले, आणि मग काका चौकातल्या सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यांना पेढे वाटत सुटले.

स्वाती पुण्याला जाऊन महिना झाला. परवा मी गमतीने विचारलं, “काका, घराचा या सेमिस्टरचा निकाल काय?”

“भाकरी नऊ, चटणी नऊ. काकूला दहापैकी दहा.” एरवी इथून पुढे अर्धा तास व्याख्यान असतं. त्या दिवशी काकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “पण सगळ्यात जास्त क्रेडिटचा विषय पुण्याला गेला की हो. आता कायबी करा, सरासरी वर येत न्हाय.”