चोरीची कुंची

परमुलखात संसार मांडला की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ, दुसरे चोरीचे किस्से! धूळ झटकता तरी येते. किस्से मात्र चार माणसं जमली की पुन्हा वर येतात.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत आम्ही रत्नागिरीकडून अमरावतीला आलो. आमचे हे कापसाच्या एका पेढीवर कारकून लागले. बाजाराच्या मागे एका ओळीत खोल्या होत्या, त्यांत आम्ही कोकणातली पाच-सहा बिऱ्हाडं. आमच्या घरात मी, हे, दोन वर्षांचा बाळू आणि सासूबाई. सासूबाई दिवेलागणीच्या आधी दोरीवरचे कपडे स्वतः काढायच्या आणि मोजायच्या. आल्या आल्याच अंगणातली घागर गेली, तेव्हा त्यांनी ह्यांना बजावलं, "असंच चालायचं असेल तर मी नातवाला घेऊन घरी जाईन. चोरांच्या मुलखात तो वाढणार नाही."

त्या बोलायच्या तसं करायच्या. ह्यांना नोकरी सोडता येत नव्हती आणि मला ह्यांना. म्हणून घरातलं काही सापडेना झालं की सासूबाईंच्या आधी मीच ते शोधायला धावायची.

*

शेजारचे गणूकाका पेढीच्या कामाला अकोल्याला गेले होते. धर्मशाळेत वळकटी ठेवून दिवसभर बाजारात हिंडले, संध्याकाळी ती उचलून बैलबंडीत घातली आणि घरी आले. गादी पसरली, तर अंग टेकताच कुरकुर वाजायला लागली. उसवून पाहिलं तर आत कडबा! चोरानं कापूस काढून घेतला होता, कडबा भरला होता आणि वर शिवणही घातली होती.

काकू ती शिवण निरखत राहिल्या. "टाका माझ्यापेक्षा बारीक आहे हो," म्हणाल्या.

काकांनी पुढचा हिवाळा त्या कडब्यावरच काढला. दारावरून रोज कापसाच्या बंड्या जात होत्या, पण त्या भावात गादी भरणार कोण?

*

सासूबाईंनी लक्ष वातींचा नेम धरला होता. दुपारभर वळायच्या आणि टोपलीत रचून ठेवायच्या. चातुर्मास संपत आला आणि टोपलीच गेली. त्या दिवसांत मूठभर कापूससुद्धा वाण्याकडे चालायचा, मग देवाचा काय आणि माणसाचा काय!

मला वाटलं, आता ह्या निघणार. पण दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन कापसाच्या प्रेससमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत गठ्ठे दाबले जात होते. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "माझ्या वाती चालल्या विलायतेला. आता तिथला कुणी साहेब त्यांचा सदरा घालून हिंडेल."

घरी येऊन पहिल्यापासून वळायला बसल्या. मधूनच पदरानं डोळे पुसत होत्या. मी दुसरीकडे पाहिलं.

*

मग पितळी तांब्या गेला. त्यावर मामंजींचं नाव घातलेलं होतं, म्हणून सासूबाईंना तो फार जवळचा.

पुढे हे एकदा दर्यापूरच्या वाटेवर पायी निघाले होते. ऊन मी म्हणत होतं. एका बंडीवाल्यानं ह्यांचा चेहरा बघून आपणहून बैल थांबवले आणि पाणी पाजलं. ह्यांनी ओंजळ धरली, पाणी प्यायले, मान वर केली, तर तांब्याच्या गळ्याशी मामंजींचं नाव! तांब्या आमचाच.

हे तसेच परत आले. सासूबाई भडकल्या. तांब्या समोर असून तू रिकाम्या हातानं आलास, म्हणून चांगलं तासलं त्यांना. हे एवढंच म्हणाले, "आई, मी न मागता त्यानं पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्याला चोर कसं म्हणू?"

सासूबाई तडक उठल्या. जुनं लुगडं पसरून बाळूचे कपडे त्यात रचायला लागल्या. आता एक वस्तू गेली की निघायचं, हे ठरलं.

*

मागच्या मळ्यातली रखमा माळीण आम्हांला भाजी घालायची. तिची दोन बाळं जन्मल्यावर महिन्याच्या आत गेली होती आणि आता तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. बाळूची जुनी अंगडी देऊ का, असं मी तिला विचारलं, तर ती घाईघाईनं नको म्हणाली.

त्याच आठवड्यात दोरीवरून बाळूची कुंची गेली. सासूबाईंनी आपल्या खणाची शिवलेली, हिरव्या किनारीची. झालं! बोचक्याची गाठ बसली. कोकणाकडे जाणारी सोबत मिळायचा तेवढा अवकाश. मी बाळूला मांडीवरून खाली ठेवत नव्हते.

रखमा बाळंत होऊन सव्वा महिना झाला आणि ती बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. बाळाच्या डोक्यावर आमची कुंची!

सासूबाईंनी हात पुढे केला. रखमा मागे सरली.

"काढ म्हनू नका, माय. पयल्या दोघायले मांगून आनलेलं घातलं, दोघंबी गेले. चोरीचं घातलं का सटवीले वाटते, लेकरू दुसऱ्याचं हाय. तुमच्या बाळूचं तं लिहून झालं, त्याले काही होत नाही. माह्या लेकराच्या अंगावरून काढू नका."

सासूबाईंचा हात खाली आला. त्यांना चार झाले होते, त्यांतले आमचे हे एकटे उरलेले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिली तुला."

रखमाचा चेहरा पांढरा पडला. "देऊ नका, माय! देलेलं लागत नाही. मले चोट्टी म्हना."

सासूबाईंनी पदर खोचला. मग ओसरीच्या काठाशी आल्या आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "चोट्टी कुठली! माझ्या नातवाची कुंची चोरलीस!"

रखमानं वाकून त्यांचे पाय धरले आणि बाळाला सावरत निघून गेली.

दुपारी सासूबाईंनी बोचकं सोडलं. त्यातलं बाळूचं झबलं काढलं. ते धुतलेलंच होतं, तरी पुन्हा पाण्यातून काढून मळ्याकडच्या दोरीवर घातलं आणि तिकडे पाठ करून वाती वळत बसल्या. दिवेलागणीची वेळ झाली तशी मी कपडे काढायला उठले.

"बस," त्या म्हणाल्या. "आज मोजायचे नाहीत."